मानेतली गाठ, क्षय आणि लिम्फोमा : एचआयव्हीतील एका निदानाची पार्श्वभूमी

गोव्यात एचआयव्हीचा उपचार येण्याआधी बाधितांना सक्तीने वेगळं ठेवणारा कायदा आला. त्याखाली १९८९ मध्ये एचआयव्हीबाधित डॉमिनिक डिसोझा यांना म्हापशात क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. मोफत एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं) देशात सुरू झाली ती १ एप्रिल २००४ ला. लिम्फोमाची, म्हणजे लसीका ग्रंथींच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाची, कहाणीही याच उशिराशी बांधलेली आहे.

अमेरिकेत १९८२ मध्ये समलिंगी पुरुषांमधले बर्किटसदृश (बर्किट हा झपाट्याने वाढणारा प्रकार) लिम्फोमाचे चार रुग्ण नोंदले गेले. १९८५ मध्ये नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे (बर्किट त्यातलाच) आक्रमक प्रकार एड्सच्या व्याख्येत आले. सीडी४ पेशी (एचआयव्ही मारतो त्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) घटल्या की एपस्टीन-बार विषाणूवरचा पहारा सुटतो आणि सतत चाळवलेल्या बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) मोकाट वाढतात. मेंदूतला लिम्फोमा बहुधा सीडी४ चा आकडा (काउंट) ५० च्या खाली गेल्यावर होतो. बर्किट मात्र २०० च्या वरही गाठतो. ‘काउंट बरा आहे’ म्हणून गाठीकडे काणाडोळा करू नये, तो यासाठी.

सुरुवातीला केमोथेरपीची मात्रा मुद्दाम कमी ठेवत, कारण पूर्ण मात्रेत रुग्ण संसर्गानेच दगावत. १९९६ पासून संयुक्त एआरटीने हे गणित बदललं. आता मात्रा शक्यतो पूर्ण देतात. जोडीला एआरटी चालू, संसर्ग टाळणारं कोट्रायमॉक्साझोल चालू. एआरटीतलं झिडोव्युडिन टाळतात, कारण तेही केमोसारखंच रक्तपेशी घटवतं. एआरटीतलंच रिटोनाविर शरीरात केमोचं औषध व्हिन्क्रिस्टिन साचवतं, मग हातापायांना मुंग्या येतात, आतडी सुस्तावतात. डोलुटेग्राविर या नव्या एआरटी औषधाने ही कटकट बरीच कमी केली. रिटुक्सिमॅब या बी पेशींवर नेम धरणाऱ्या औषधाआधी हिपॅटायटिस बी तपासायचाच. सीडी४ ५० च्या खाली असेल तर रिटुक्सिमॅब द्यायचं की नाही, हे जपून ठरवावं लागतं.

आपल्याकडे खरी चूक होते ती याच्या कितीतरी आधी. मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, रात्रीचा घाम : क्षय धरून औषधं सुरू होतात, आणि बहुतेकदा तो क्षयच असतो. पण दोन-तीन आठवड्यांत गाठ वाढतच राहिली, रक्तातलं एलडीएच (पेशी झपाट्याने वाढल्या-मेल्या की चढणारं एन्झाइम) चढलं, तर वाट पाहू नये. सुईच्या तपासणीत चार पेशी मिळतात, ग्रंथीची रचना दिसत नाही. म्हणून अख्खी गाठ काढावी. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे, दुसरा सलाइनमध्ये क्षयाच्या कल्चरला. दोन्ही आजार एकाच गाठीतही सापडतात. आणि गाठ काढण्याआधी स्टेरॉइड देऊ नये : लिम्फोमा त्याने तात्पुरता विरतो, नमुन्यात काहीच हाती लागत नाही.