‘कॅन बी’ की ‘माइट बी’? ‘असू शकतो’चा घोळ

‘तो घरी असू शकतो’ हे इंग्रजीत लिहायचं झालं की हमखास ‘ही कॅन बी ॲट होम’ उमटतं. चूक. ‘शकणे’ म्हणजे ‘कॅन’ हे शाळेत एकदा डोक्यात बसलं, ते निघतच नाही.

क्षमतेचा ‘कॅन’ सगळ्यांना येतो, तो सोडू. शक्यता सांगताना मात्र होकारार्थी ‘कॅन’ सर्वसाधारण गोष्टीलाच चालतो: ‘नागपूर कॅन बी अनबेअरेबल इन मे’, म्हणजे कधीकधी तसं होतं. अमुक माणूस आत्ता कुठे असेल हा अंदाज असेल, तर ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’. तिघांतल्या बारीक छटांवर पानंच्या पानं खर्च होतात. बोलताना सरळ ‘माइट’ घ्या.

खरी मेख नकारात आहे. तिथे हाकललेला ‘कॅन’ परत येतो. ‘ही माइट नॉट बी ॲट होम’ म्हणजे तो घरी नसेलही. ‘ही कान्ट बी ॲट होम’ म्हणजे तो घरी असणं शक्यच नाही. ‘कुडन्ट बी’ही याच दुसऱ्या गटातलं. होकारात ‘माइट’ आणि ‘कुड’ एकमेकांच्या जागी खपतात, नकारात मात्र त्यांची फारकत होते. कारण ‘माइट नॉट’मधला ‘नॉट’ पुढच्या ‘बी’ला लागतो: नसण्याची शक्यता आहे. ‘कान्ट’मध्ये शक्यताच नाकारली जाते.

बँकेला ‘द पेमेंट मे नॉट हॅव गॉन थ्रू’ लिहिलंत, तर कुणीतरी तपासून बघेल. ‘कान्ट हॅव गॉन थ्रू’ लिहिलंत, तर पैसे गेले नाहीत याची तुम्हाला खात्री आहे असं समोरचा धरून चालेल, आणि कशावरून म्हणून विचारेल. आणि ‘नसेल’चं डोळे मिटून ‘वोन्ट बी’ करू नका. त्यात शंकेला फारशी जागा उरत नाही.

भूतकाळात ‘शी कॅन हॅव मिस्ड द ट्रेन’ होत नाही. ‘कुड हॅव’ चालतं, पण त्याचा ‘चुकू शकली असती, पण चुकली नाही’ असाही अर्थ निघतो. ‘माइट हॅव’ बरं.

क्रियाविशेषणांचं थोडक्यात. ‘मेबी’ जोडून, शक्यतो वाक्याच्या सुरुवातीला. ‘मे बी’ तोडून, कर्त्यानंतर. ‘प्रॉबब्ली’ सहायक क्रियापदानंतर: ‘ही हॅज प्रॉबब्ली लेफ्ट’. पण ‘वोन्ट’सारखं आखडलेलं रूप असेल तर त्याच्या आधी: ‘ही प्रॉबब्ली वोन्ट कम’.

‘मे प्रॉबब्ली’ मात्र कृपा करून लिहू नका. ‘मे’ म्हणतो होईल किंवा न होईल, ‘प्रॉबब्ली’ म्हणतो बहुधा होईलच. बहुधा म्हणायचं असेल तर ‘विल प्रॉबब्ली’ आहे की.