‘अर्ली’ हेट्झर नेमका कोणता?

नोव्हेंबर १९४३ मध्ये बर्लिनवर बॉम्ब पडले आणि स्टुग-३ ही बिनबुरुजाची रणगाड्यासारखी तोफगाडी बनवणारा तिथला मोठा कारखाना खिळखिळा झाला. तेच काम प्रागच्या कारखान्याला द्यायचे घाटत होते, पण २४ टनांचे धूड उचलणे तिथल्या क्रेनच्या आवाक्यातले नव्हते. मग तिथे झेपेल असे हलके वाहन नव्याने आखायचे ठरले; तेच हेट्झर, जर्मनांचे रणगाडाविरोधी वाहन. डिसेंबरात आराखडा, जानेवारी १९४४ अखेर लाकडी प्रतिकृती आणि एप्रिलमध्ये उत्पादन सुरू. १३ टनांत बसवायचे होते ते सोळाच्या घरात गेले. एरवी चाचणीच्या मैदानावर ज्या खोडी निघतात, त्या इथे वाहने बाहेर पडत असतानाच निघाल्या. किटमधून त्याचे छोटे मॉडेल बनवणाऱ्याच्या डोक्याला जो ताप आहे त्याचे मूळ या घाईत आहे.

सर्वात ढोबळ खोड वजनाची. पुढचे ६० मिलिमीटरचे पत्रे आणि ७५ मिलिमीटरची तोफ, दोन्हींचा भार नाकावर, त्यात तोफ मध्यरेषेच्या उजवीकडे सरकवलेली. सुरुवातीच्या वाहनांच्या बाजूने घेतलेल्या छायाचित्रांत पुढचा भाग खाली झुकलेला सहज दिसतो. पुढच्या पट्टास्प्रिंग जाड करून आणि मँटलेट (तोफेच्या मुळाशी असलेले जाड कवच) लहान करून हा झुकाव कमी केला गेला. एप्रिल-मे १९४४ चे वाहन करत असाल तर चाकांच्या चारही जोड्या एका पातळीत चिकटवू नका. किटच्या सूचनापत्रिकेत हे बहुधा सांगितलेले नसते.

आता घोळ ‘अर्ली’ या शब्दाचा. खोक्यांवर ‘अर्ली’, ‘मिड’, ‘लेट’ असे छापलेले असते. एका जपानी कंपनीने तर ‘मधले उत्पादन’ हे जर्मन भाषेत किटच्या नावातच घातले. या तिन्ही पाट्या नंतरच्या अभ्यासकांनी आणि किटवाल्यांनी लावलेल्या आहेत. १९४४ मध्ये कारखान्यात असे तीन प्रकार नव्हते. एकच वाहन होते, आणि त्याचा एकेक भाग सवडीने बदलत होता. साधारण रूढ वाटणी अशी: एप्रिल ते जुलै ‘अर्ली’, ऑगस्ट-सप्टेंबर ‘मिड’, ऑक्टोबरनंतर ‘लेट’. वाटणी सोयीची आहे, एवढेच. प्लझेनच्या दुसऱ्या कारखान्यात उत्पादन सुरूच झाले जुलैमध्ये. या हिशेबाने तिथला ‘अर्ली’ जेमतेम काही आठवड्यांचा. शिवाय नवा भाग आला म्हणून जुना साठा कोणी भंगारात टाकत नव्हते. नव्या मँटलेटखाली जुनी चाके दिसली की चूक शोधायला बसणारे पुष्कळ आहेत. तशी वाहने खरोखर होती.

मग ओळखायचे कशावरून? बहुतेक मार्गदर्शक लेख चाकांपासून सुरू होतात. सुरुवातीच्या रोडव्हीलच्या (पट्ट्यावर धावणाऱ्या मोठ्या चाकाच्या) कडेवर ३२ बोल्ट, पुढे संख्या निम्म्यावर, शेवटी रिव्हेट. मागच्या आयडलरला (पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाला) आधी १२ भोके, नंतर आठ, सहा, चार. मोजायला सोपे, म्हणून लोकप्रिय. पण चाक हा आघाडीवर सर्वात आधी बदलला जाणारा भाग. दुरुस्ती तुकडीला जे हाताशी मिळेल ते बसवले जाई. मी चाकांना साक्षीदार म्हणून शेवटचा नंबर देतो.

भरवसा ठेवायचा तो कवचाशी निगडित गोष्टींवर, कारण त्या सहसा कारखान्याबाहेर बदलत नसत. पहिली, मँटलेट: सुरुवातीचे रुंद आणि बोजड, उन्हाळा सरताना आलेले अरुंद. दुसरी, चालकाच्या पेरिस्कोपचे घर: सुरुवातीच्या वाहनांत ते तिरक्या पत्र्यातून पुढे आलेले असते. त्यावर गोळा आदळून अडकायची भीती होती; ऑक्टोबरच्या सुमारास ते काढून पत्र्यातच फटी कापल्या. तिसरी, सायलेन्सर: आधी मागच्या बाजूला आडवा, ‘लेट’मध्ये ज्वाळा लपवणारी उभी नळी. यातल्या पहिल्या दोन्ही जुन्या असतील तर चाके काहीही असोत, माझ्या लेखी ते वाहन ‘अर्ली’च. बाजूच्या स्कर्टची (चाकांवर लटकणाऱ्या पातळ पत्र्यांची) टोकेही पाहावीत: सुरुवातीला सरळ, पुढे झाडोऱ्यात अडकू नयेत म्हणून आत वळवलेली. पण स्कर्ट लढाईत गळूनही पडत, तेव्हा त्यांचा पुरावा दुय्यम.

रंगाचे थोडक्यात. सुरुवातीची वाहने कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात निघत आणि हिरवे-तपकिरी पट्टे तुकड्या आपल्या हाताने मारत. ठिपक्यांचा कारखानी ‘अँबुश’ नमुना नंतरचा. रुंद मँटलेटच्या मेमधल्या वाहनावर तो रंगवलेला पाहिला की खटकते.

पक्की तारीख असलेला नमुना हवा असेल तर वॉर्साकडे वळावे. तिथल्या जर्मनांविरुद्धच्या उठावाच्या दुसऱ्या दिवशी, २ ऑगस्ट १९४४ ला, नेपोलियन चौकाजवळ बंडखोरांनी एक हेट्झर काबीज करून अडथळ्यात बसवला. पुढे त्याला ‘ह्वात’ नाव पडले. त्या तारखेला तिथे असलेले वाहन जुलैनंतरचे असणे शक्य नाही. त्याची छायाचित्रेही उपलब्ध आहेत.

उलट, आज संग्रहालयात उभ्या असलेल्या वाहनाचे फोटो काढून त्यावरून मॉडेल करण्यात मोठा धोका आहे. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात उत्पादन चालूच राहिले आणि स्वित्झर्लंडने ‘जी-१३’ नावाने १५८ वाहने घेतली. त्यांत तोफ वेगळी, नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक (तोफेचा धक्का कमी करणारा जोड), छताची मांडणी बदललेली. स्विस सैन्याने ती मोडीत काढल्यावर अनेक संग्राहकांनी मझल ब्रेक उतरवून त्यांना जर्मन रंग चढवला. पाटीवर ‘१९४४’ लिहिलेले असले, तरी आधी छत बघावे.