मे महिन्याचं दुखणं जानेवारीत

जानेवारीची सकाळ, धुळ्यात पारा 7 अंशांवर. एका धान्य व्यापाऱ्याच्या दुकानात रात्री गेलेली लाइट पहाटे आली, पण भिंतीवरच्या नेटवर्क स्विचचे (कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडणाऱ्या डब्याचे) सगळे दिवे एकदम लागत, विझत, पुन्हा लागत. बिलाचे कॉम्प्युटर ठप्प. "काल रात्रीपर्यंत चालू होता, भाऊ," मालक सांगत होते. अर्ध्या तासाने स्विच आपोआप सुरळीत झाला. झालं ना चालू, म्हणून लोक इथेच विषय सोडतात. मला तो अर्धा तासच मोलाचा वाटतो, कारण दुखणं कुठे आहे ते त्यातच दिसतं.

स्विचमध्ये आणि त्याच्या अडॅप्टरमध्ये ॲल्युमिनियमचे नळकांडीसारखे कपॅसिटर असतात. व्होल्टेज स्थिर ठेवणं हे त्यांचं काम. त्यांच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू आटतो. आटला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंडीत उरलासुरला द्रव घट्ट झाला की आणखी वाढतो. चालू होताना चिप्स एकदम करंट ओढतात, व्होल्टेज खाली बसतं, स्विच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. डबा जरा तापला की गाडी रुळावर येते. स्विच अखंड चालू असेल तर हे कळतही नाही; लाइट गेली की उघडं पडतं.

आता आपल्या खान्देशी उन्हाचा हिशोब बघा. 105 अंशांना 2000 तास टिकणाऱ्या कपॅसिटरचं आयुष्य, तापमान दर 10 अंशांनी उतरलं की साधारण दुप्पट होतं. डब्याच्या आत खोलीपेक्षा 20 अंश जास्त धरले, तर 35 अंशांच्या खोलीत तो 64,000 तास, म्हणजे सात वर्षांहून थोडा जास्त टिकेल. पत्र्याखाली 45 अंशांत तेच आयुष्य निम्म्यावर येतं. बारा महिने काही 45 अंश नसतात, पण भुसावळ-जळगावच्या एप्रिल-मेमध्ये झीज दुप्पट वेगाने होते, हे नक्की.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सगळे पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, एकदम आजारी असतील तर संशय वीजपुरवठ्यावर. एकच पोर्ट मेला असेल तर आधी केबल बदलून बघावी, मग तीच केबल शेजारच्या पोर्टला लावावी. गिगाबिटचा (1000 मेगाबिटचा) वेग 100 मेगाबिटवर घसरला असेल तर केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असू शकते. गिगाबिटला चारही लागतात, 100 ला दोन पुरतात. दिवे वेड्यासारखे फडफडत असतील तर एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये कुणी खोचली नाहीत ना, तेही पाहावं. ज्या स्विचला 230 व्होल्ट थेट जातात तो मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट शिल्लक असू शकतात.

त्या दुकानात मल्टिमीटर सुट्या अडॅप्टरवर बरोबर 12 व्होल्ट दाखवत होता. भार नसताना थकलेला अडॅप्टरही तेवढे दाखवतो. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच अँपिअरचा आणि तशाच पिनचा दुसरा अडॅप्टर लावला. दुसऱ्या दिवशी पहाटे, तेवढ्याच थंडीत, स्विच पहिल्या झटक्यात उठला.