मॉडेल रॉकेट उडवायचंय? अमेरिकेत परवानगी कुठे लागते, कुठे लागत नाही

वाढदिवसाला कुणीतरी मुलाला एस्टीजचं रॉकेट किट देतं. मुलगा आठवडाभर पंख चिकटवत बसतो, आणि शनिवारी सकाळी आईबाबांच्या पोटात गोळा येतो: आकाशात काहीतरी जळतं सोडायचं, तेही या देशात, याला लायसन्स नको?

दुकानात मिळणाऱ्या साध्या किटला लायसन्स लागत नाही. केंद्र सरकारची परवानगीही लागत नाही. पण म्हणून कुठेही, कसंही उडवता येतं असं मात्र नाही. गोंधळ होतो तो इथेच, कारण सगळं एकाच खिडकीवर मिटेल असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात खिडक्या तीन आहेत: आकाशाची, जमिनीची आणि उडवणाऱ्या माणसाची. लहान रॉकेटला फक्त मधली खिडकी गाठावी लागते. मोठ्याला तिन्ही, आणि तिथेही सर्वांत किचकट अर्ज तुमचा नसून क्लबचा असतो.

आकाशाची खिडकी

विमान वाहतुकीवर देखरेख करणारी एफएए रॉकेटांचे तीन वर्ग करते. वर्ग १ म्हणजे आपलं मॉडेल रॉकेट. त्यात जळणारं इंधन १२५ ग्रॅमपेक्षा जास्त नको, इंधनासकट एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं, आणि बांधणी कागद, लाकूड किंवा सहज तुटणाऱ्या प्लॅस्टिकची हवी. धातूचे मोठे भाग चालत नाहीत. एवढं पाळलं तर अर्ज नाही, आगाऊ कळवणं नाही. माणसांना, मालमत्तेला किंवा विमानांना धोका होईल असं उडवू नये, ही अट मात्र लहानात लहान रॉकेटलाही लागू आहे. डोक्यावरून विमान जात असेल तर थांबायचं, एवढं साधं.

जुन्या पुस्तकांत ४५३ ग्रॅमच्या वर गेलं की विमानतळाला कळवा असं लिहिलेलं सापडेल. ती जुनी मर्यादा आहे. २००९ पासून ती लागू नाही.

१२५ किंवा १५०० यांपैकी एकही आकडा ओलांडला की वर्ग २, म्हणजे हाय पॉवर. इथे अर्ज क्रमांक ७७११-२ भरावा लागतो, आणि तो उड्डाणाच्या किमान ४५ दिवस आधी पोचावा लागतो. अर्जात अंदाजे किती रॉकेटं उडणार, इंधन कोणतं, लाँचर कसे, रॉकेट खाली कसं उतरणार, जमिनीपासून कमाल उंची किती, आणि जागेचे अक्षांश-रेखांश व समुद्रसपाटीपासूनची उंची ही माहिती द्यायची. मंजुरी आली तरी काम संपत नाही. उड्डाणाच्या आधी २४ ते ७२ तासांच्या दरम्यान हवाई वाहतूक नियंत्रणाला पुन्हा कळवावं लागतं. चार दिवस आधी फोन केला तर तो धरला जात नाही, आदल्या रात्री केला तरीही नाही.

हे सगळं क्लबचे पदाधिकारी करतात. तुम्ही मंजूर झालेल्या दिवशी, मंजूर झालेल्या मैदानावर, मंजूर उंचीच्या आत उडवायचं. त्यामुळे हाय पॉवरमध्ये शिरू पाहणाऱ्याला माझा सल्ला एकच: स्वतः अर्ज करण्याच्या भानगडीत पडू नका, जवळचा क्लब शोधा. एकट्याने केलेला अर्ज नामंजूर होतो असं नाही, पण जमीन, विमा आणि अनुभवी माणसं यांची सोय त्या अर्जातून होत नाही.

मंजुरी असूनही दिवस वाया जाऊ शकतो. आकाश निम्म्याहून अधिक ढगांनी भरलं, दृश्यमानता पाच मैलांच्या खाली गेली किंवा सूर्य मावळला की वर्ग २ बंद. ढगात रॉकेट सोडणं तर पूर्ण निषिद्ध. तीनशे मैल गाडी हाकून आलेली माणसं खुर्च्या टाकून ढगाकडे बघत बसलेली दिसली, तर त्यांचं कारण हेच.

जमिनीची खिडकी

ही खिडकी लोक विसरतात, आणि लहान रॉकेटवाल्यांना अडचण येते ती इथेच. जागा कुणाची आहे, त्याची परवानगी हवी. शाळेचं मैदान असेल तर शाळेची, बाग असेल तर त्या शहराच्या उद्यान खात्याची. अनेक गावांच्या उद्यान नियमांत रॉकेट उडवायला बंदी असते. शिवाय आगीचे नियम राज्याराज्यांत वेगळे. कॅलिफोर्नियात स्टेट फायर मार्शल, म्हणजे राज्याचा अग्निसुरक्षा अधिकारी, याच्या यादीत नसलेली मोटर (रॉकेट वर ढकलणारी इंधनाची नळी) वापरता येत नाही, आणि कोरड्या महिन्यांत स्थानिक अग्निशमन दल सरळ नाही म्हणू शकतं. फोन करून विचारलेलं बरं. परवानगी तोंडी न घेता ईमेलवर घ्या.

मैदान केवढं हवं याचं कोष्टक नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री, म्हणजे एनएआर या १९५७ साली सुरू झालेल्या संघटनेच्या सुरक्षा नियमावलीत आहे. मोटरची ताकद इंग्रजी अक्षराने सांगतात, अक्षर पुढचं तशी मोटर मोठी. ए मोटरला मैदानाची लहान बाजू किमान १०० फूट, बीला २००, सीला ४००, डीला ५००. शाळेच्या सॉकर मैदानाची रुंदी बहुधा दोनशे फुटांच्या आसपास असते. म्हणजे तिथे ए किंवा बी. किटच्या खोक्यावर रुबाबदार दिसणारी सी मोटर त्या मैदानावर उडवली, तर रॉकेट शेजारच्या छपरावरून उतरवायची तयारी ठेवा. विजेच्या तारांवर अडकलं असेल तर तेही करायचं नाही. ते रॉकेट गेलं असं समजायचं.

याच खिडकीत विमा येतो. एनएआरच्या सभासदाला नियमावली पाळून केलेल्या उड्डाणासाठी दायित्व विमा असतो, आणि क्लबला जमीनमालकासाठीही संरक्षण घेता येतं. शेतकरी आपलं रान रॉकेटवाल्यांना देतो त्यामागे बहुतेक वेळा हा कागद असतो.

माणसाची खिडकी

लहान रॉकेटला प्रमाणपत्र नाही. मूल असेल तर सोबत मोठं माणूस हवं, इतकंच. हाय पॉवरसाठी मात्र वय १८ पूर्ण, एनएआर किंवा ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशन यांपैकी एकाचं सभासदत्व, आणि पातळीचं प्रमाणपत्र लागतं. दोन्ही संघटना एकमेकांची प्रमाणपत्रं मानतात.

पातळ्या तीन. पहिलीत एच आणि आय मोटर, दुसरीत जे, के, एल, तिसरीत एम, एन, ओ. प्रत्येक अक्षराला एकूण आवेगाची, म्हणजे मोटरचा सरासरी जोर गुणिले तो टिकण्याचा वेळ याची, कमाल मर्यादा दुप्पट होते: एच ३२० न्यूटन-सेकंदांपर्यंत, आय ६४०, असं करत ओ ४०,९६०. वर्ग २ ची वरची हद्दही नेमकी तीच आहे. त्यापुढे वर्ग ३, तो या लेखाच्या वाचकाचा विषय नाही.

१४ ते १७ वयाच्या मुलांसाठी एनएआरची ज्युनियर पहिली पातळी आहे. ती प्रौढ प्रमाणित सभासदाच्या देखरेखीखालीच वापरता येते.

पहिल्या पातळीला लेखी परीक्षा नाही. रॉकेट तुम्ही स्वतः बांधलेलं हवं. त्यावर गुरुत्वमध्य (जिथे रॉकेट तोललं जातं) आणि दाबमध्य (जिथे हवेचा जोर एकवटतो) कुठे आहेत याच्या खुणा करून न्या, कारण तपासणारा पहिला प्रश्न तोच विचारतो: गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे आहे ना? नसेल तर रॉकेट हवेत कोलांट्या घेतं. मग उड्डाण. सरळ वर जायला हवं, पॅराशूट उघडायला हवं, मोटरचं आवरण आत शाबूत हवं. शोधून आणून परत दाखवायचं, आणि ते लगेच पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत असायला हवं. पॅराशूट उशिरा उघडलं की त्याची दोरी नळीला उभी चिरत जाते. एवढ्या एका चिरेवर प्रयत्न बाद होतो. सगळं ठीक असेल तर अर्जाच्या एकाच पानावर साक्षीदार सह्या करतात. प्रमाणपत्र नसताना एच मोटर मिळणार कशी, हा प्रश्न रास्त आहे. प्रमाणपत्राच्या प्रयत्नापुरती ती क्लबच्या देखरेखीखाली मिळते.

दुसऱ्या पातळीआधी बहुपर्यायी परीक्षा असते, एनएआरकडे उत्तीर्ण व्हायला ८८ टक्के लागतात. प्रश्नसंच आधीच प्रसिद्ध केलेला असतो, तेव्हा नापास होण्याला फारशी सबब नाही. तिसऱ्या पातळीला बांधणीची छायाचित्रं, आकडेमोड आणि आराखडा आधी मान्य करून घ्यावा लागतो. तो वर्षभराचा उद्योग आहे.

लाँचच्या दिवशी सोबत काय

सभासद कार्ड (फोनवर चालतं), मोटर मूळ वेष्टनात, आणि मूल १८ वर्षांखालचं असेल तर हमीपत्रावर आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांची सही. मुलाला काकांबरोबर पाठवत असाल तर हमीपत्र आदल्या दिवशीच भरून द्या. मैदानावर काकांची सही चालेलच असं नाही.

बाकी खरा कागद तिथेच मिळतो: फ्लाइट कार्ड. त्यावर नाव, सभासद क्रमांक, रॉकेटचं वजन, खाली उतरण्याची पद्धत, पहिलंच उड्डाण आहे का, आणि मोटरचा क्रमांक. हा क्रमांक वेष्टनावरून जसाच्या तसा उतरवा. सी६-५ यात सी म्हणजे एकूण आवेग, ६ म्हणजे सरासरी जोर न्यूटनमध्ये, आणि ५ म्हणजे जळणं संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकेपर्यंतचे सेकंद. शेवटचा आकडा ० असेल तर ती दोन टप्प्यांच्या रॉकेटची खालची मोटर. ती एकटी घातली तर नीट उतरणं नाही, आणि कार्ड वाचणाऱ्याच्या हे लगेच लक्षात येतं.

कार्ड घेऊन सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलाशी जायचं. तो पंख बोटांनी हलवून बघतो, टोक उलटं धरून झटकतो (सहज निघायला हवं, पण आपोआप पडायला नको), मोटर पक्की आहे का पाहतो, पॅराशूटखाली न जळणारा कागद घातलाय का विचारतो. टॉयलेट पेपर घातला असेल तर परत पाठवतो. मोठ्या रॉकेटसाठी उंचीचा अंदाज मागतो. ओपनरॉकेटसारख्या सॉफ्टवेअरचं एक पान छापून नेलं तर रांग पुढे सरकते.

पॅडवर इग्नायटर (मोटर पेटवणारी तार) जोडून मागे यायचं. डीपर्यंत १५ फूट, त्यापुढच्या मॉडेल मोटरना ३० फूट, एचला १०० फूट, एमला ५००. वारा ताशी २० मैलांच्या वर असेल तर मॉडेल रॉकेट उडवायचं नाही. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर आधी सुरक्षा किल्ली काढायची आणि पूर्ण ६० सेकंद कुणीही पॅडकडे जायचं नाही. मुलांना हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा. फुसकं निघालेलं रॉकेट बघायला धावण्याचा मोह आवरणं त्यांना सर्वांत कठीण जातं.

शाळेच्या संघासाठी

सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज ही स्पर्धा २००३ पासून होते. संघ ३ ते १० जणांचा. कच्चं अंडं घेऊन ठरलेली उंची आणि ठरलेला वेळ गाठायचा, अंडं शाबूत परत आणायचं. दोन्ही आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या दादाचं रॉकेट जसंच्या तसं चालत नाही. पात्रता फेरीच्या उड्डाणाला एनएआरचा प्रौढ सभासद निरीक्षक लागतो आणि तो संघातल्या कुणाचाही नातेवाईक नको. बाबांनी हौसेने सभासदत्व घेतलं तरी स्वतःच्या मुलीच्या संघाच्या कागदावर त्यांना सही करता येत नाही. निरीक्षकासाठी जवळच्या क्लबला नोंदणी करतानाच लिहा. मुदत जवळ आली की त्या मोजक्या माणसांना सगळेच संघ शोधत असतात.

सुट्टीत भारतात जाताना पुण्या-नाशिकच्या भाच्यासाठी किट नेण्याचा विचार असेल तर मोटर घरीच ठेवा. विमानात रॉकेट मोटर ना हातातल्या पिशवीत चालते ना चेक-इनच्या बॅगेत, वेष्टन फोडलेलं असो वा नसो. मोटर नसलेलं नवं किट नेता येतं. वापरलेल्या रॉकेटवर जळलेल्या इंधनाचा अंश राहतो आणि तपासणीत तो सापडू शकतो, तेव्हा ते नेऊ नका.