अमेरिकेतले नोकरीतल्या भेदभावाचे खटले : 'अपंग कोण' याचाच वाद

अपंगत्वामुळे नोकरी नाकारली म्हणून मालकाला कोर्टात खेचण्याचा हक्क अमेरिकेत तसा उशिराच आला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात वंश, धर्म, लिंग होतं, अपंगत्व नव्हतं. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ ने ते आणलं, पण केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांपुरतंच. त्याचे नियमही रखडले. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग आंदोलक तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे त्या नियमांवर सही झाली.

खाजगी कंपन्या सरसकट कक्षेत आल्या त्या १९९० च्या 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट'मुळे, म्हणजे एडीएमुळे. नोकरीविषयीचा भाग १९९२ पासून लागू झाला; आधी २५ आणि १९९४ पासून १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना. कामाची मुख्य जबाबदारी पेलू शकणाऱ्याला डावलायचं नाही आणि अवाजवी बोजा पडत नसेल तर त्याला लागणारी सोय करून द्यायची, इतकं सरळ होतं ते.

पण खटले भलत्याच मुद्द्यावर फिरले. मालक काय वागला हे तपासण्याआधी कोर्टं विचारू लागली, तुम्ही कायद्याच्या अर्थाने अपंग आहात का? १९९९ च्या युनायटेड एअर लाइन्सच्या खटल्यात दोन जुळ्या बहिणींना वैमानिक व्हायचं होतं. चष्म्याशिवाय नजर फार अधू, म्हणून कंपनीने नाकारलं. चष्म्याने दिसतं, म्हणून त्या अपंग नाहीत, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. नोकरीसाठी नालायक आणि संरक्षणासाठी धडधाकट! माझ्या मते कायद्याचा हेतूच इथे उलटा झाला. गोळ्या घेऊन मधुमेह किंवा अपस्मार ताब्यात ठेवणारेही याच कात्रीत सापडले. २००२ मध्ये टोयोटाच्या कारखान्यातल्या, मनगटं-खांदे दुखावलेल्या कामगार महिलेच्या खटल्यात न्यायालयाने बघितलं ते तिला दात घासता येतात का, घरकाम जमतं का. हातांनी कारखान्यातलं काम होत नव्हतं, पण तेवढ्याने भागेना.

अखेर अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. औषधं, उपकरणं बाजूला ठेवून अपंगत्व ठरवायचं (साधा चष्मा मात्र अपवाद) आणि व्याख्या व्यापकच धरायची, असं तिने स्पष्ट लिहिलं. १ जानेवारी २००९ पासून युक्तिवाद सोयी-सुविधांकडे आणि मालकाच्या वागणुकीकडे वळले. भरपाईची मर्यादा मात्र १९९१ मध्ये ठरली तीच राहिली: बुडालेल्या पगाराव्यतिरिक्त मोठ्यात मोठ्या कंपनीकडूनही जास्तीत जास्त तीन लाख डॉलर.

संरक्षण कुणाला, हा वाद तरीही मिटला नाही. पार्किन्सनमुळे मुदतीआधी निवृत्त झालेल्या, फ्लोरिडातल्या सॅनफर्ड शहराच्या अग्निशामक अधिकारी महिलेने आरोग्य विम्याच्या कमी केलेल्या लाभाविरुद्ध दावा लावला होता. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: एडीएचा नोकरीविषयीचा भाग नोकरी करणाऱ्याला किंवा मागणाऱ्याला लागू होतो, निवृत्ताला नाही.