शिकाऊ उमेदवारी: अर्ज नेमका कुठे अडतो?

कारखान्यांना आता सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं), रोबोटिक्स, आयओटी (इंटरनेटला जोडलेली यंत्रं) येणारी माणसं हवीत, आणि ही कामं प्रत्यक्ष यंत्रावर हात बसल्याशिवाय येत नाहीत. त्यासाठीच 2016 पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, म्हणजे नॅप्स, आहे. विद्यावेतन कंपनी देते. त्यातला 25 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये, वाटा केंद्र सरकार उचलतं.

वय किमान 14, धोकादायक उद्योगांत 18. शिक्षणाची अट ट्रेडप्रमाणे, म्हणजे शिकायच्या कामाप्रमाणे, बदलते. नोंदणी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो.

पहिली अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी; कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाहीच. माणसाला कळतं की हा एकच मुलगा आहे, संगणकाला कळत नाही. आधारमधली दुरुस्ती नोंदणीच्या आधीच उरका.

त्याहून जास्त मुलं बँक खात्यावर अडकतात. सरकारी वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात येतो. बँकेत विचारलं की 'आधार लिंक आहे' असं उत्तर मिळतं, तरी पैसे येत नाहीत. खात्याला आधार नंबर जोडणं वेगळं आणि एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) सीडिंग, म्हणजे आधारवर आलेले पैसे कुठल्या बँकेत टाकायचे याची नोंद, होणं वेगळं, हे काउंटरवर कोणी समजावून सांगत नाही. सीडिंग एका वेळी एकाच बँकेत असतं, शेवटचं केलेलं धरलं जातं. मोबाइलच्या दुकानात अंगठा लावून उघडलेलं आणि विसरलेलं खातं असेल, तर पैसे तिकडे गेलेले असू शकतात. माय आधार पोर्टलवर 'बँक सीडिंग स्टेटस' स्वतः बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि पोरांनो, ऑफर लेटर म्हणजे करार नव्हे! पोर्टलवर करार नोंदला गेला नाही, तर महिनोन्‌महिने केलेलं काम शिकाऊ उमेदवारीत धरलं जात नाही. कामावर जाण्याआधी कराराचा क्रमांक मागून घ्या. वय 18 पेक्षा कमी असेल तर पालकाची सही लागते.

कंपन्यांची चूक ठरलेली: 'आमच्याकडे पक्के कामगार 22च, आम्हाला शिकाऊ उमेदवारीचा कायदा लागू नाही.' मोजणीत कंत्राटी कामगारही येतात. दोन्ही मिळून 30 किंवा जास्त झाले की शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक, एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के. 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. लहान उद्योजक या 'ऐच्छिक'चा अर्थ 'आपल्यासाठी नाही' असा घेतात आणि सरकारी वाटाही सोडून देतात. यादीत हवा तो ट्रेड नसेल तर ऐच्छिक ट्रेडखाली, 6 ते 36 महिन्यांचा, स्वतःचा अभ्यासक्रम आखता येतो. नव्या यंत्रांसाठी हाच मार्ग बरा.

विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत द्यायचं असतं. प्रशिक्षणानंतर कोणाला नोकरीत घ्यायचं याचं धोरण कंपनी स्वतः ठरवते, ते सही करण्याआधी विचारून घ्या.