छाटणीची करवत : सफाई आणि धार

छाटणीची करवत म्हणजे झाडाच्या ओल्या फांद्या कापण्याची हातकरवत. कात्रीच्या तोंडात न मावणाऱ्या फांद्या तिच्यासाठी असतात. सुताराची करवत वाळलेल्या लाकडात चालते. हिला चीक, डिंक आणि ओल्या भुशातून वाट काढावी लागते. म्हणून हिचे दाते मोठे असतात. यांतल्या बहुतेक करवती ओढताना कापतात. ओढताना पाते ताणलेले राहून वाकत नाही, त्यामुळे ते पातळ ठेवता येते.

सफाई : करवत बोथट झाल्याची तक्रार पुष्कळदा खरी नसते, ती मळलेली असते. चीक पात्यावर वाळतो, त्यात भुसा बसतो आणि दात्यांमधल्या खाचा बुजतात. भुसा साठायला जागाच उरली नाही की तीक्ष्ण दातेही अडकतात. म्हणून कानस हातात घेण्याआधी पाते धुवावे. साधा चीक साबणाच्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने निघतो. चीड, देवदार अशा झाडांची राळ पाण्यात विरघळत नाही. तिला स्पिरिट किंवा टर्पेंटाइन लागते. हलका गंज तेलात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासावा. नंतर पाते पूर्ण कोरडे करून तेलाचा पातळ हात द्यावा. जपानमध्ये यासाठी कॅमेलियाच्या बियांचे तेल वापरण्याची परंपरा आहे. घडीची करवत ओली असताना मिटू नये, गंज बिजागरीपासून सुरू होतो.

रोगट झाड कापल्यावर नुसती सफाई पुरत नाही. सफरचंद आणि नाशपाती यांवरचा ‘फायर ब्लाइट’ हा जिवाणूजन्य रोग हत्यारांवाटेही पसरतो. ७० टक्के अल्कोहोलने पाते पुसणे सोयीचे. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी हे द्रावणही चालते, मात्र ते पोलाद खाते. वापरल्यास पाते लगेच धुऊन पुसावे.

धार : आधी दाते कोणत्या जातीचे आहेत ते पाहावे. आजच्या अनेक करवतींचे दाते विजेच्या साह्याने क्षणभर तापवून कडक केलेले असतात आणि टोकांशी निळसर-काळी झाक दिसते. त्यांवर कानस चावत नाही, नुसती घसरते. असे पाते बदलणे हाच उपाय. तिथे कानशीशी झटापट करणे म्हणजे कानस फुकट घालवणे.

कानस चावत असेल तर पाते दोन फळ्यांमध्ये घट्ट धरावे, दाते थोडेसेच वर ठेवावेत. सपाट कानस टोकांवरून एकदा हलकेच फिरवली की उंच दात्यांवर चकचकीत ठिपके उमटतात. पुढे दात्याच्या मूळ कोनातच, एकाआड एक दाते एका बाजूने घासायचे आणि उरलेले दुसऱ्या बाजूने. कोन नवा शोधू नये. साध्या दात्यांना तिकोनी कानस पुरते. जपानी धाटणीच्या अरुंद दात्यांना पातळ कडेची चपटी कानस लागते. कानस फक्त पुढे ढकलावी, परत येताना उचलावी. ठिपका नाहीसा झाला की थांबावे. त्यापुढचे घासणे दाता बुटका करते.

अनेक करवतींत दाते आलटून पालटून डावी-उजवीकडे किंचित झुकवलेले असतात, म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद पडतो. हा झुकाव उरला नसेल तर धार लावण्याआधी पुन्हा द्यावा, पण दात्याच्या फक्त वरच्या अर्ध्या भागाला. कडक केलेला दाता असे वाकवताना मोडतो. शेवटी एखादी फांदी कापून पाहावी. काप एका बाजूला ओढला जात असेल तर त्या बाजूचे दाते जास्त झुकलेले असतात. त्यांच्या बाहेरच्या अंगावरून बारीक दगड एकदा हलकेच फिरवावा.